काकाजींच्या रक्तातला पारा

माझ्या चुलतसासऱ्यांइतका नदीवर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. हिंगणघाटला काकाजींचं बी-बियाण्याचं दुकान आहे, पण जीव सगळा वणा नदीच्या डोहात. तळ्यातला पाळीव मासा त्यांच्या लेखी गोळ्या खाऊन फुगलेला. खरं अन्न एकच, गळाला लागलेली मरळ. तीही म्हातारी, हातभर लांब. कधीमधी ताटात पाणकोंबडीही यायची. असे पक्षी मारणं गुन्हा आहे, हे मी एकदा ठणकावून सांगितलं. त्यांनी तंगडी माझ्या ताटात वाढली आणि माझं कायद्याचं ज्ञान तिथंच संपलं.

गेल्या वर्षी त्यांचे हात थरथरू लागले. निदान मीच केलं: चहा. माझं दुकान मोबाइल दुरुस्तीचं. पण सल्ला देताना ही अडचण मला कधी जाणवलेली नाही. काकाजींनी चहा सोडला आणि अशक्तपणा भरून काढायला मासे दुप्पट केले. दोन महिन्यांत गळाला गांडूळ मला लावून द्यावं लागे.

शेवटी आम्ही त्यांना वर्ध्याच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्तात निघाला पारा. तो नदीत कुठून येतो हे डॉक्टरांनाही नक्की सांगता येईना. पण मासा जितका मोठा आणि जुना, तितका पारा जास्त, हे त्यांनी बजावलं. मी मान खाली घातली. काकाजी मात्र खुलले. "जवाईबापू, लोकं वैद्याच्या दारी बसून पाऱ्याचं भस्म घेतेत. मले वणामाय घरबसल्या देऊन राह्यली." रिपोर्ट त्यांनी बाजारभर मिरवला. वर धाकट्या लेकीसाठी हौदात एक भली मोठी मरळ जिवंत ठेवली. लेक पुण्याहून पहिल्या बाळंतपणाला येणार होती, आणि रस्सा तिने फोनवरूनच मागून ठेवला होता.

आम्ही निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली होती. काकाजी रागावतील म्हणून ती मी महिनाभर गिळून बसलो. लेक यायच्या आदल्या दिवशी कशीबशी ओकलो: पारा आईकडून पोटातल्या बाळाला जातो, त्याच्या मेंदूला इजा करतो.

काकाजी हौदाच्या काठावर बसले. मरळीकडे पाहत म्हणाले, "मंग आधी काऊन नाई सांगतलं?"

त्यांनी बादली मागितली आणि मरळ तीत घेतली. नदीपर्यंत अर्धं पाणी वाटेवरच सांडलं, पण बादलीला मला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी लेक जेवायला बसली. वांग्याची भाजी पाहून म्हणाली, "बाबा, माही मरळ कुठं हाय?"

लहानपणापासून हेच मासे खाऊन वाढलेल्या पोरीला आता बाळाच्या धोक्याचं काय सांगणार?

"सुटली हातातून," काकाजी म्हणाले.

ती हसून हसून बेजार. संध्याकाळपर्यंत गल्लीभर थट्टा झाली, की काकाजींच्या हातून मासा सुटला, म्हातारे झाले. रात्री जेवताना मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून, लेकीच्या ताटात भाजी वाढत म्हणाले, "घे बाई, गोड हाय."