न दिलेला व्यायाम

लोहारा भागातल्या एका खासगी दवाखान्यात मी विम्याचे क्लेम भरतो. ऑपरेशन आणि त्यानंतरचा हातापायाचा व्यायाम आम्ही एकाच गटात, म्हणजे पॅकेजमध्ये, बांधतो. गट पुरा झाला की बिल जातं. पेशंट गावाकडून परत आलाच नाही, तर सगळंच अडकतं. म्हणून मी फोन करायचो. "घरी व्यायाम चालू आहे ना?" समोरून "व्हय" आलं की उरलेले सेशन इथंच दिले म्हणून नोंद टाकायचो. सगळीकडं असंच चालतं, असं स्वतःला सांगायचो. मन खायचं, तरी टाकायचोच.

माकणीकडचे एक मेंढपाळ होते, माझ्या वडिलांच्या वयाचे. उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं आणि ते कळपामागं रानात गेले. फोनवर म्हणाले, "व्हय सायब, लई झ्याक चाललंय." मी गट बंद केला.

मेंढ्या व्याल्या, कोकरं हिंडायला लागली, तेव्हा ते आले. हात पुढं केला. मूठच वळत नव्हती.

"मामा, फोनवर तर व्यायाम करतो म्हणालात!"

"तुमी एवढं मायेनं इचारलं, न्हाय कसं म्हणू? आता कातर धराया येईना. लोकर काय दातानं काढू?"

मागं मॅनेजर उभे होते. "विम्यात यांचा व्यायाम होऊन गेलाय. करायचा तर स्वतःच्या खर्चानं, म्हणावं."

"झालेला नाही. मी खोटं टाकलंय."

"हे कळवलंत तर जुने सगळे क्लेम उघडतील. सगळीकडं सही तुमचीच आहे."

"उघडू द्या!"

माझा आवाज चढला होता. बाकड्यावरची माणसं आत बघायला लागली. त्यांच्यासमोरच मी विमा कंपनीला लिहिलं: व्यायाम दिलेला नाही, नोंद माझ्याकडून चुकून झाली. मग 'चुकून' खोडलं आणि 'जाणूनबुजून' लिहिलं. पाठवलं.

गट पुन्हा उघडतो की माझी नोकरी जाते, अजून कळलेलं नाही. पण मामांचा हात तोवर थांबणार नव्हता. मी त्यांना व्यायामाच्या खोलीकडं नेलं.

"हे कुणाच्या नावावर?" मॅनेजर ओरडले.

"माझ्या!"

आत थेरपिस्टबाईंनी मामांची बोटं वाकवायला घेतली. मामांच्या कपाळावर घाम आला.

"दुखतंय का, मामा?" मी विचारलं.

"खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"जीव जातुया."

"मग थांबायचं?"

"थांबतुया कशाला? दाबा म्हणावं बाईला."