सर्किट्सचे दोन पेपर

“सिलॅबसमध्ये एक ओळ वाढवा, मॅडम. मुलीचं काम होईल,” आमचे डीन म्हणाले.

कुवेतमधल्या एका खाजगी कॉलेजात मी तेव्हा सर्किट्स शिकवायचे. आमच्याकडे दोन वर्षं काढायची आणि मग परदेशी युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला जायचं, या आशेने मुलं येत. इथे पास केलेला विषय तिथे मान्य झाला, की क्रेडिट ट्रान्सफर झालं म्हणायचं. नाही झाला, तर तोच विषय पुन्हा करायचा.

नाझनीनचं तिथेच अडलं होतं. तिचे वडील युसूफभाई मूळचे रत्नागिरीचे, कुवेतच्याच खैतान भागात त्यांचं बकाला, म्हणजे किराणा दुकान. तिला कॅनडात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, पण सर्किट्सचे दोन्ही पेपर तिथल्या डिपार्टमेंटने अडवून धरले होते. त्यांचा प्रश्न सरळ होता : डिफरन्शियल इक्वेशन्स शिकवता का? बटण दाबल्यावर कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारा भाग, कसकसा भरत जातो, त्याचं हे गणित. आम्ही ते शिकवत नव्हतो. आमचा कोर्स टेक्निशियनच्या कामापुरता होता.

“पण सर, आपण ते शिकवलेलं नाही,” मी डीनना म्हटलं.

“बघायला कोण येणार आहे इथे?”

दुसऱ्या दिवशी युसूफभाई मुलीला घेऊन आले. “बाई, पोरीची मेहनत फुकट जातेय हो. लिहून टाका ना.”

मला त्यांचा राग आला नाही. पण मी काही बोलायच्या आत नाझनीनच म्हणाली, “अब्बा, मला ते येतच नाही. तिथे सगळे धरून चालणार की मला येतं. देन व्हॉट?”

मी तिकडच्या प्रोफेसरांना खरं तेच कळवलं. उन्हाळ्यात मी हा भाग शिकवते, मग तुम्ही तिची परीक्षा घ्याल का, असंही विचारलं. ते फोनवर तोंडी परीक्षा घ्यायला तयार झाले.

रिकाम्या लॅबमध्ये आम्ही बसायचो. मध्येच एकदा तिने पेन टाकलं. “मॅडम, मी बीकॉम करते.” मी चहा मागवला. चहा संपल्यावर तिने पेन उचललं.

परीक्षेला डीनच्या केबिनमध्ये फोन स्पीकरवर ठेवला. पहिल्या दोन प्रश्नांना ती शांतपणे म्हणाली, “आय डोन्ट नो.” डीननी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खिडकीबाहेर बघायला लागले. तिसरा प्रश्न कपॅसिटरचा होता. तिने आधी लॅबमध्ये काय दिसतं ते सांगितलं : व्होल्टेज एकदम उडी मारत नाही, आधी भरभर चढतं, मग मंदावतं. त्यावरून तिने इक्वेशन मांडलं. अडखळत मांडलं, पण बरोबर मांडलं.

पहिल्या पेपरचं क्रेडिट मिळालं. दुसरा पेपर पुन्हा करावा लागणार होता, म्हणजे एक सेमिस्टर जास्त. युसूफभाईंनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाले, “जाऊ दे. पण बाई, थंडीचे कपडे इथे कुठे मिळतील?”

नाझनीन इंजिनिअर झाली, बरोबरीच्या मुलांपेक्षा थोडी उशिरा.

आता प्रवेशाला येणाऱ्या प्रत्येक पालकाला मी सांगते : पुढे जिथे जायचंय, तिथला सिलॅबस आजच मागवा. पालक मान डोलावतात आणि विचारतात, “हॉस्टेल कसं आहे तिकडचं?”