आधी पोट, मग घसा

सध्याचं पोस्टिंग सिंगापूरचं बिशान, मुलीचा फ्लॅट, अकरावा मजला. ड्यूटी नातीची शाळा आणि वरणभात. त्याआधी दहा वर्षं फौजेत, ऑर्डनन्समध्ये. कॅप्टन होऊन बाहेर पडले. हत्यारं द्यायची, परत घ्यायची, तपासायची, हे माझं काम.

जावई निखिल जहाजावर इंजिनियर. त्याला शूटिंगचा छंद लागला. शुक्रवारी जेवताना म्हणाला, "आई, लिव्हरवाली रायफल की पिस्तूल? तुम्ही चला ना निवडायला."

हत्यार घरी येणार नव्हतं, बरं का. इथे ते क्लबमध्येच राहतं. तरी मी उचललेला घास परत ताटात ठेवला. डेपोतले साळुंखे गेल्यापासून मी हत्याराला हात लावला नव्हता. पण हे कोणाला सांगितलं नाही.

म्हटलं, "पिस्तुलाची नळी वीतभर. नवशिका हसत मागे वळला की तीही वळते. रायफल बघू."

शनिवार, सकाळचे दहा वीस, क्लबची रेंज. रेंज ऑफिसर टॅन, माझ्याच वयाचे. लिव्हर म्हणजे ट्रिगरभोवतीची कडी. ती खाली ओढून वर केली की गोळी चेंबरमध्ये जाते. टॅननी पाच गोळ्या भरून दिल्या. निखिलने तीन झाडल्या.

"सीझ फायर. क्लिअर युवर वेपन!"

टॅन पलीकडच्या लेनवरून ओरडत होते. माझे हात जुन्या सवयीचे. "दे इकडे," म्हणत रायफल घेतली. नळी समोर. लिव्हर उघडली, चेंबर बघितलं. रिकामं. लिव्हर बंद केली. "क्लिअर!" आणि ड्रिलप्रमाणे ट्रिगर दाबला.

गोळी सुटली.

समोरच्या वाळूच्या बांधात गेली. माझं "क्लिअर" ऐकून निखिलने टार्गेटकडे जायला पाऊल उचललं होतं. पाय रेषेवर होता.

"नोबडी मूव्ह!"

टॅननी रायफल माझ्या हातातून हळूच काढून घेतली. "मॅडम, धिस वन नो मॅगझिन टू टेक आउट, लाह. ऑल इनसाइड." नळीखालची दुसरी नळी दाखवली. गोळ्या तिथे असतात. लिव्हर बंद केली की पुढची आपोआप वर चढते.

निखिलचे ओठ पांढरे. म्हणाला, "आई, जावई बदलायचा असेल तर आधी सांगा." मला हसता आलं नाही. बाकावर बसले.

फौजेतली ती संध्याकाळ. जम्मूजवळचा आमचा डेपो. सतरा चाळीस, गार्ड बदलली. संतरीने मॅगझिन न काढताच रायफलचा बोल्ट मागे ओढला, चेंबर बघितलं, बंद केलं, मग मॅगझिन काढलं. मधल्या मधे एक गोळी आत चढली. गार्ड कमांडर दारातून म्हणाला, "सब खाली, मॅडम," म्हणजे सगळी हत्यारं रिकामी. ड्यूटी ऑफिसर मी. खुर्चीतून उठलेसुद्धा नाही. आत हत्यारं दुरुस्त करणारे आमचे आर्मरर साळुंखे रायफली पुसायला घेत होते. एकच आवाज झाला.

मला पहिल्या आठवड्यात त्यांनीच शिकवलं होतं, "मॅडम, आधी पोट रिकामं करायचं, मग घसा बघायचा." पोट म्हणजे गोळ्यांचं मॅगझिन, घसा म्हणजे चेंबर. त्या दिवशी मी काहीच बघितलं नाही. शनिवारी पोट दिसलं नाही, तर आहे का असं विचारलं नाही.

निखिलने विचारलं, "मग पिस्तूल घेऊ?"

"जिचं पोट कुठे आहे ते डोळे मिटून सांगशील, ती घे. आणि मी क्लिअर म्हटलं तरी स्वतः बघ."

टॅननी उरलेली पाचवी गोळी काढली. निखिलने वाकून खालची नळी बघितली, मग चेंबर.

नाईक साळुंखे, आर्मरर, सातारा. त्या संध्याकाळच्या रजिस्टरमध्ये 'सर्व हत्यारे रिकामी' असं लिहिलं आहे. खाली सही माझी आहे.