पुलावरची बायको

कल्पना करा, अंगठ्याएवढ्या सेनापतीला तुम्ही स्वतःच्या हाताने बायकोचा चेहरा रंगवलाय, आणि सामना जिंकायचा तर तिला मरायला पाठवायचंय. शिवाय खरी बायको शेजारी उभी राहून बघतेय.

आमच्या क्लबातल्या कवळ्याची अशीच पंचाईत झाली. तो दातांच्या कवळ्या बनवतो, म्हणून हे नाव. टेबलावर छोट्या सैनिकांची लढाई खेळायच्या स्पर्धेला आम्ही दर वर्षी जातो आणि हात हलवत परत येतो. कारण कवळ्या आपल्या सेनापतीला भिंतीआड लपवून ठेवतो. म्हणे, रंग उडेल!

यंदा शेवटच्या सामन्यात एकच चाल उरली होती. तेवढ्यापुरता टेबलावरचा पूल अडवला की आम्ही जिंकणार होतो, आणि अडवायला उरल्या होत्या फक्त सेनापतीणबाई.

"ढकल की वहिनींना!" आम्ही ओरडलो.

"गप्प बसा रे," कवळ्या पुटपुटला.

"मी काय शोभेची बाहुली आहे?" शेजारी उभ्या खऱ्या वहिनी कडाडल्या. "पाठव मला!"

त्याने डोळे मिटून तिला पुलावर ठेवलं. समोरच्याने फासे टाकले. सेनापतीणबाई धारातीर्थी पडल्या, पण पूल अडला आणि आम्ही जिंकलो! आम्ही नाचत सुटलो.

वहिनींनी आडवी पडलेली बाहुली उचलून पर्समध्ये टाकली. "एका शब्दावर पाठवलंस मला?"

करंडक क्लबात आहे, बाहुली अजून पर्समध्येच. कवळ्या भेटेल त्या नवऱ्याला एकच विचारतो, "तू असतास तर काय केलं असतंस?"