वैजाचं गवत आन बापाची हीर

कुरुंद्याकडून आमच्या गावाला येताना कुणालाबी इचारा, गवतानं पाणी कुणी थोपवलं? लहान लेकरूबी सांगन, वैजनाथनं. वैजनाथ माहा धाकटा भाऊ. मी सातवीपस्तोर शिकलो, तो दहावी. त्याच्या डोक्याचं कौतुक मास्तरनं केलं आसन, पण त्याला खांद्यावर बसवून शाळेत म्या नेलं, हे ध्यानात ठिवा.

आमचं रान उताराचं. वर मुरमाड माळ, खाली काळी जमीन. तिच्यात हळद, आन हळदीच्या वरल्या अंगाला बापानं हातानं खांदलेली हीर. माळावरचं पाणी धडाधडा खाली यायचं. त्यानं रानातून एक ओघळ पाडली व्हती, आन ती दर साली हिरीकडं सरकायची. आधी चाळीस पावलं लांब व्हती. एका साली म्या मोजली, सतरा भरली. ओघळ हिरीत फुटली का गाळानं हीर बुजणार. हीर बुजली का हळद गेली. दुसरं पाणी आमाला न्हाई.

मी काय गप बसणारा माणूस न्हाई. जेसीबी लावून असा बांध घातला का बघाया कळमनुरीचे पाव्हणे आले. एका पावसानं मधूनच फुटला. बांधात खोट नव्हती, माती हलकट निघाली.

"दादा, पाण्याला जरा हळू चालाया लावू," वैजा म्हणला.

"काय, त्याच्या पायात बेडी घालतो का?"

"गवत लावतो."

मी इतका हसलो का बैल बिचकले.

तांड्यावरचे रामसिंग नाईक हायत. त्यांच्या पिढ्या जनावरामागं माळ हिंडल्या, त्यायला गवताची जात लांबून कळते. त्यांच्या कुरणातून वैजानं मारवेल आन पवन्याची ठोंबं गाडी भरून आणली. गवंड्याची पाण्याची नळी मागून आणली. ती धरून एका पातळीच्या खुणा केल्या आन त्या खुणांवर ठोंबाला ठोंब लावत गेला. उताराला आडव्या तीन रांगा. पण रांगा कशा? सापावानी वाकड्या.

रोजानं येणारी गोजरबाई म्हणली, "वैजूभाऊ, रांग लावताना तुमाला दोन्हीकडून कोण हाका मारत व्हतं वो?"

"जमीन मारत व्हती, मावशी," वैजा म्हणला. "ती वळन तसं मी वळलो."

दोन सालात गवत कमरंला लागलं. कापून जनावरांला घालाया पुरून उरलं. ओघळ सतराच पावलावर ऱ्हायली. मी गावात सांगत सुटलो, आमच्या घरातलं डोकं हाय हे.

आन मग म्याच घोळ केला.

गेल्या वैशाखात वैजा सासरवाडीला, आखाडा बाळापूरला, लग्नाला गेला. आमच्याकडं कुंदा गवत म्हंजी काळ्या रानाचा दुस्मन. ज्याच्या रानात कुंदा, त्याची चार माणसांत इज्जत न्हाई. खालच्या रांगंत म्या वाळलेली ठोंबं बघितली आन डोकं फिरलं. वाटलं, कुंदा शिरला. भाऊ यायच्या आत साफ करतो म्हणलं. माह्यावानी कुदळ चालवणारा पंचक्रोशीत न्हाई. दिस मावळायच्या आत बारा हात रांग मुळासगट वर काढली.

वैजा आला. ढिगातलं एक कांडं उचलून माह्या हातात दिलं.

"दादा, पेर बघ."

पेराला पांढऱ्या केसांचं बारीक कडं व्हतं, अंगठीवानी.

"हे मारवेल हाय. आन मुळी बघ. कुंद्याची आडवी पळती, ही सरळ खाली गेली."

बस, येवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं. आषाढात त्यानं तिथं परत ठोंबं लावली, पण त्यायनं मुळ्या धरल्या नव्हत्या.

श्रावणात एका दुपारी आभाळ फाटलं. आमी दोघंबी रानात. माळावरून पाणी आलं ते गढूळ, फेसाळ, दगडं वाजवत. म्या आधी हिरीकडं बघितलं.

पाणी पहिल्या रांगंला भिडलं. गवत वाकलं, पार निजलं. मला वाटलं, गेलं. पण पाणीच पसरलं वो! रांगंच्या लांबीभर अंग टाकून बसलं, म्हाताऱ्या म्हशीवानी. पल्याड निघालं ते झिरपत, हळूहळू. दुसऱ्या रांगंपल्याड त्याचा रंग बदलला. माह्या उभ्या जन्मात म्या माळाचं पाणी असं शांत चालताना बघितलं न्हाई. पावसात तोंड उघडं टाकून उभा ऱ्हायलो.

"दादा! खालची रांग!"

म्या उपटलेल्या बारा हातांतून पाणी घुसलं व्हतं. नवी ठोंबं वाहून गेली, आन धार नीट हिरीच्या रोखानं निघाली.

"कडब्याच्या पेंढ्या आणतो, तंवर कायतरी कर," वैजा वरडला.

काय करणार? माहं वजन एकशेदहा किलो. मी मोकळ्या जागंच्या कडंला, जिथून धार निघाली तिथंच, धारंला पाठ देऊन, मांडी घालून बसलो. दोन्ही हातानं बाजूची जुनी ठोंबं धरली. पाणी पाठीवर धक्के मारून राहिलं, पण ती ठोंबं तसूभर हलली न्हाई. जमिनीच्या पोटातून कुणीतरी धरून ठिवल्यावानी. मला वाटलं, बापाचाच हात हाय.

वैजानं माह्या म्होरून सगळ्या बारा हातांत पेंढ्या रचल्या, खुट्या ठोकल्या.

"उठ आता."

"पक्कं का?"

"पक्कं. तुझ्यायेवढं जाड केलंय."

पाऊस थांबल्यावर आमी हिरीवर गेलो. ओघळ पाच पावलावर येऊन थांबली व्हती. मला वाकून बघायची हिंमत व्हईना. वैजानंच बघितलं.

"दादा, पाण्याखालची पायरी दिसती."

म्या बघितलं. बापानं घडवलेली पायरी, छिन्नीच्या खुणासगट, पाण्यात स्वच्छ दिसत व्हती.

दुसऱ्या दिशी पेंढ्यांच्या मागं बारा हात मारवेल म्या लावलं. हरेक ठोंबाचं पेर डोळ्याजवळ धरून, कडं बघून. आज तीन रांगांत सगळ्यात दाट गवत तिथंच हाय. वैजा म्हणतो, तिथं गाळ बसला म्हणून. म्हणू द्या. ते म्या लावलंय.