सुमनताईंची विळी आणि विमानाचा धातू

शेजाऱ्यांचे किस्से मी काही मुद्दाम गोळा करत नाही. पण केडगावात आमच्या दोन घरांत एकच भिंत, तीही पातळ. ते आपोआप साठतात.

गेल्या वर्षी दूध आणायला गेले, तर पुढे दोघी बोलत होत्या. "रंगनाथनं विमानाचं पातं घरी आणलंय, आता सुमनला..." मला पाहिलं आणि गप्प. सुमनला काय? दुधाची पिशवी तशीच हातात घेऊन मी थेट शेजारी, सुमनताईंच्या दारात.

रंगनाथ भाऊजी एमआयडीसीत टर्नर होते, आता रिटायर. सुमनताईंना डॉक्टरांनी बजावलंय, गुडघे सांभाळा, खाली बसू नका. पण ताईंना विळीशिवाय चिरता येत नाही. उठताना कपाट धरून "आई गं" म्हणतात, ते मला भिंतीतून ऐकू येतं. म्हणून भाऊजींनी चंग बांधला, असा चाकू करायचा की ही विळी सोडेल. पुण्याच्या कारखान्यातला भाचा त्यांना तऱ्हेतऱ्हेच्या धातूंचे उरलेले तुकडे आणून देतो.

"विमान कुठाय?" मी विचारलं.

"वहिनी, आधी चहा घ्या," भाऊजी म्हणाले.

*

पहिला चाकू चांगल्या पोलादाचा. मी घरून लोहचुंबक आणला. भांडी घेताना आम्ही बायका तसंच पारखतो, चिकटला की स्टील हलकं. हा खटकन चिकटला.

"भाऊजी, फसवलं तुम्हाला."

"अहो, चाकूचं पोलाद चिकटतंच."

ताई म्हणाल्या, "मंदाचा चुंबक लग्नापासूनचा हाय. तो खोटं न्हाई बोलत."

चाकू फडताळात गेला. भांड्याला एक नियम आणि चाकूला दुसरा, हे मला अजून उमगलेलं नाही.

*

दुसरा टायटॅनियमचा. चुंबक चिकटला नाही, मी पास केला. इतका हलका की ताईंनी दोनदा उचलून पाहिला. "अहो, पातं लावलंय का नुसती मूठच दिली?"

तीन दिवसांत धार गेली. वांगं चिरायच्या ऐवजी दबायला लागलं.

"विमानात हेच वापरतात," भाऊजी म्हणाले.

"मग विमानात वांगी चिरत नसतील."

*

तिसरा चाकू होण्याआधीच बाद झाला. भाऊजींनी धातूची पट्टी वाकवून उकळत्या पाण्यात टाकली, तर ती आपणहून सरळ झाली. "ह्या धातूला पहिला आकार आठवतो," ते समजावत होते. मी दोनदा करून पाहिलं, तरी डोक्यात शिरलं नाही.

ताई मागे सरकल्या. "गरम पाण्यात उठून बसतंय, ते मी भाजीला लावणार न्हाई."

*

चौथा कोबाल्टच्या मिश्रधातूचा. भाच्याने जाड कड्याचा तुकडा आणलेला, भाऊजी आठ दिवस घासत होते. लिंबू चिरलं तरी डाग नाही, धार जशीच्या तशी. तरी ताई विळीवरच. त्या दिवशी उठताना हातातून कपाट सुटलं आणि त्या धप्पकन खाली आल्या. भाऊजींनी आणि मी उचललं.

"आता काय कमी आहे त्या चाकूत?" भाऊजींनी विचारलं.

"धातूत काही कमी न्हाई हो. चाकू हलतो. विळीचं पातं जागेवर असतं, भाजी हलती. चाळीस वर्सं माझ्या हाताला तेच ठावं."

दोन दिवस भिंतीपलीकडे ग्राइंडर चालू होता. तिसऱ्या दिवशी गेले, तर चाकूची मूठ काढलेली, पातं एका फळीवर उभं, आणि फळी स्वयंपाकाच्या ओट्याला बोल्टनं आवळलेली. ताई उभ्यानं भेंडी चिरत होत्या.

भाचाही आलेला. हे विमानाचंच का, मी विचारून घेतलंच.

"काकू, हा धातू विमानाच्या इंजिनात असतो, हे खरंय. पण हा तुकडा व्हॉल्व्हचा."

ताईंनी मान वर केली नाही. "विमानाचं असू दे, न्हाईतर नळाचं. जागेवर थांबलंय ना, बास."