कड्याच्या स्टँडवर

निवृत्तीनंतर मी अंबाजोगाईला परत आले, तेव्हा तिथल्या एका महाविद्यालयानं एम.एस्सी.च्या मुलांना रसायनशास्त्र शिकवायला बोलावलं. मी लगेच हो म्हटलं. माझी सगळी नोकरी पुण्याच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत झाली होती. त्यामुळे वर्गात कुठलाही विषय निघाला की माझं सुरू व्हायचं, आमच्या संस्थेत असं यंत्र आहे, आमच्या संस्थेत असलं खपवून घेत नाहीत. मुलं लिहायचं थांबवून ऐकायची. ते मला फार आवडायचं.

वर्गात कडा या गावची एक मुलगी होती, अंबाजोगाईत मावशीकडे राहून शिकणारी. बोलायला धीट, प्रयोगशाळेत अगदी टापटीप. गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, लहान पोरांचे दात पिवळे पडतात. म्हणून उसाच्या चिपाडाच्या राखेपासून पाणी शुद्ध करणारी पावडर बनवायची, हा प्रकल्प तिनं स्वतःच निवडला. पावडर झाली. तिची रचना तपासायला मोठं यंत्र लागणार होतं, आणि ते आमच्या कॉलेजात नव्हतं.

"त्याची काळजी तू करू नकोस," मी भर वर्गात म्हणाले. "पुण्यात माझा एक फोन पुरतो."

फोन केलाही. माझ्या हाताखाली शिकलेला एक जण आता तिथं विभागप्रमुख आहे. "या ना मॅडम, केव्हाही या," तो म्हणाला. मी एवढ्यावरच मुलीला घेऊन निघाले.

आमची पुण्याची बस कड्यावरून जाते. मुलीचे वडील स्टँडवर थांबले होते. खिडकीतून भाकरीचं गाठोडं आत देत म्हणाले, "पोरीला एकटीला मी नगरलाबी धाडीत न्हाई. तुमी संगं हायेत म्हून."

"अगदी निर्धास्त राहा," मी म्हणाले.

रात्री भाचीकडे मुक्काम करून सकाळी संस्थेच्या फाटकाशी गेलो. मुलीनं ठेवणीतला ड्रेस घातला होता. पहारेकरी नवा होता. "कुणाला भेटायचंय, आजी?"

"मी इथं शास्त्रज्ञ होते."

"हो का? बसा तिकडं, विचारतो."

आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. साहेब मीटिंगमध्ये आहेत, असा निरोप आला. मग पुन्हा तोच निरोप आला. "आत्ता बोलावतील," मी मुलीला सांगत राहिले. माझ्याच मजल्यावर बसणारे एक सहकारी समोरून गेले, तशी मी उठून त्यांना हाक मारली. "अरे मॅडम! तब्येत बरी ना?" असं चालता चालताच म्हणून ते पुढं गेले. मी उभीच राहिले. मुलगी भिंतीवरचा फलक वाचत असल्यासारखं करत होती.

दुपारी विभागप्रमुख जेवायला बाहेर पडला, तेव्हा त्याची गाठ पडली. तो खरोखरच ओशाळला. "मॅडम, मला वाटलं तुम्ही सहज भेटायला येताय. नमुन्यांची आता ऑनलाइन नोंदणी असते. रांग मोठी आहे. माझ्या स्वतःच्या विद्यार्थ्यांनाही थांबावं लागतं." त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पावडरची डबी मुलीनं हातात धरली होती. ती तिनं हळूच पिशवीत टाकली.

"मॅडम, चहा घेऊ या का?" ती म्हणाली. तिच्या आवाजात माझ्याबद्दलची कीव होती. ती ऐकून मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

आम्ही परतीची बस धरली. कड्याला ती उतरणार होती. वडील आले होतेच.

"झालं का काम?"

"झालं ना, आण्णा. मॅडमला बघून समदे उठून हुबे राहिले."

वडिलांनी खिडकीकडे बघून हात जोडले. मी सांगायला हवं होतं. मी हसले आणि मान हलवली. बस निघाली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मुलीबरोबर माझ्यासाठी पोतंभर ज्वारी पाठवली. दोन दिवस ते पोतं मी दारामागंच ठेवलं. शेवटी राहवेना, तेव्हा त्यांना फोन करून सगळं सांगितलं. "बरं," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला त्या रात्री चांगली झोप लागली, हेही लिहून टाकते.

त्यानंतर मुलगी कॉलेजात दिसेना. दिसली ती थेट माझ्या खोलीत, डोळे सुजलेले.

"मॅडम, कावून सांगितलं? आण्णा म्हनतेत, पोरगी खोटं बोलाया शिकली, बास झालं कॉलेज. मी बोलले ते तुमच्यासाठी. तुमी सांगितलं ते कुनासाठी?"



दुसऱ्याच दिवशी मी कड्याला गेले. वडील ओट्यावर बसले होते. 'बसा' म्हणाले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"तिनं माझी लाज झाकली," मी म्हणाले. "शिक्षा तिला नका देऊ."

"तवाच सांगायचं व्हतं की," ते म्हणाले. "खिडकीत हसत व्हता तुमी."

मी मान खाली घातली. मुलीच्या आईनं चहा आणला. निघताना ते एवढंच म्हणाले, "बघतो."

काही दिवसांनी मुलगी वर्गात आली आणि मागच्या बाकावर बसली. आम्ही रीतसर नोंदणी केली, इतरांसारखी वाट पाहिली. नंबर लागला तेव्हा तिचे वडील तिच्याबरोबर पुण्याला गेले. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही. तपासणीत पावडर आम्हाला वाटली होती तितकी चांगली निघाली नाही. राख पुन्हा भाजावी लागणार होती.

आता ती अडलं की माझ्याकडे येते. रसायनशास्त्राचं विचारते, ऐकून घेते आणि जाते. पूर्वीसारख्या घरच्या गोष्टी सांगत नाही. परवा प्रयोगशाळेत राख भाजायच्या भट्टीपाशी उभी होती.

"तापमान जरा वाढवून बघू का, मॅडम?"

"बघ," मी म्हणाले.

तिनं बटण फिरवलं. आकडा वर चढेपर्यंत आम्ही दोघी तिकडेच बघत राहिलो.